गाडी किती देते? पहिली फोर बाय फोर घेणाऱ्या इंदूरकरांसाठी

दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा हातात घेता घेता पहिला प्रश्न येतो, "किती देते?" माझ्या भाच्याने मागच्या वर्षी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी घेतली, तेव्हा येईल त्या प्रत्येकाने हेच विचारलं आणि त्याने प्रत्येकाला पत्रकातला आकडा सांगितला, लिटरला सतराच्या आसपास. दोन महिन्यांनी एका रविवारी तो पोहे खायला आला आणि ताटली हातात घेण्याआधीच म्हणाला, "मामा, अकरा मिळतंय. चार चाकं फिरवायची म्हणजे एवढं पेट्रोल जायचंच का?"

त्याचं रोजचं जाणं-येणं सुदामा नगर ते विजय नगर. त्या दोन महिन्यांत त्याने चारही चाकं एकदासुद्धा जोडली नव्हती. सगळं पेट्रोल पलासियाच्या सिग्नलला आणि पुढच्या गर्दीत गेलं होतं. नव्याने अशी गाडी घेणाऱ्याला मी म्हणूनच आधी एक गोष्ट सांगतो. फोर बाय फोरचा खर्च ती वापरतो त्या पाच-दहा दिवसांत जेवढा होतो, त्याहून जास्त तो उरलेल्या साडेतीनशे दिवसांत होतो, जेव्हा ती यंत्रणा आपण नुसती पोटाशी बांधून फिरवत असतो. हा खर्च किती आणि त्यातला किती आपल्या हातात आहे, ते पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी: गाडीखाली वाकून पाहा

शोरूममध्ये डॅशबोर्ड सगळेच पाहतात. तुम्ही गुडघे टेकून खाली पाहा. इंजिनाची ताकद चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते तिथे दिसतं आणि अॅव्हरेजचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

साध्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही वाट सर्वात लहान. इंजिन आडवं बसवलेलं, त्याला लागूनच गिअरबॉक्स, तिथून दोन लहान शाफ्ट थेट पुढच्या चाकांना. ताकदीला कुठे काटकोनात वळावं लागत नाही. म्हणून ही रचना सर्वात कमी पेट्रोल वाया घालवते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन उभं असतं. गिअरबॉक्समधून एक लांब प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये (थोडक्यात डिफ, म्हणजे वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) ताकद नव्वद अंशांत वळते. तिथल्या गिअरचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. म्हणून तिथे जाड तेल लागतं, आणि ते तेल घुसळण्यातही थोडी ताकद जाते. डिसेंबरच्या सकाळी, तेल थंड असताना, हे घुसळणं आणखी जड होतं. ऑफिस घरापासून चारच किलोमीटरवर असेल तर ते तेल नीट तापायच्या आत गाडी पार्किंगमध्ये लागते.

आता पार्ट-टाइम फोर बाय फोर. जिम्नी, थार, गुरखा या सगळ्या याच घराण्यातल्या. (गुरखा तर आपल्या पिथमपूरलाच बनते.) यात गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाचा आणखी एक डबा असतो. लिव्हर किंवा बटण टू एचवर असताना फक्त मागची चाकं ओढतात. फोर एचला पुढचा शाफ्टही जोडला जातो. फोर एलला चारही चाकं ओढतात आणि मध्ये एक लहान गिअर येतो, ज्याने चाकांवरचा जोर दुप्पट-अडीचपट होतो आणि वेग तेवढाच कमी. ट्रान्स्फर केस, पुढचा डिफ, जास्तीचे शाफ्ट यांचं वजन टू एचमध्येही गाडी वाहतेच. शिवाय पुढची चाकं रस्त्यावर फिरताना पुढचा डिफ आणि शाफ्टसुद्धा उगाच फिरवत राहतील, जर त्यांना तोडणारं काही बसवलेलं नसेल तर. बऱ्याच गाड्यांत हे तोडायचं काम हब करतात. जुन्या जिप्सीला आणि जीपला पुढच्या चाकाच्या मध्यभागी हाताने फिरवायची चकती असे. चिखल लागण्याआधी उतरायचं, दोन्ही चकत्या लॉककडे वळवायच्या, परत येताना सोडायच्या. जिम्नीत हेच काम व्हॅक्यूमवर आपोआप होतं. घ्यायच्या गाडीत पुढची चाकं टू एचला सुटतात की नाहीत, हा प्रश्न सेल्समनला विचाराच. त्याला सांगता आलं नाही तर वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला विचारा.

चौथा प्रकार फुल-टाइम, चारही चाकांना कायम ताकद. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये सेंटर डिफरन्शियल असतो, म्हणून डांबरावरही ती बिनधास्त चालते. पण काहीच कधी सुटत नाही, सगळे गिअर सदोदित फिरतात. घाटात, पावसात ही सर्वात निर्धास्त गाडी. पेट्रोलच्या बाबतीत मात्र तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा ठेवू नये.

पाचवा प्रकार ऑल व्हील ड्राइव्ह. गाडी मुळात पुढच्या चाकांची, चाक घसरलं की मागची चाकं क्लचने आपोआप जोडली जातात. चिखलासाठी ही मर्यादित, पण पेट्रोलचा हिशेब समजायला हिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

दुसरी पायरी: आकड्याला आकडा लावताना इंजिन तेच आहे ना, ते पाहा

मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आली, तेव्हा १.५ लिटरचं तेच इंजिन आणि तोच मॅन्युअल गिअरबॉक्स दोन्ही रूपांत मिळत होता. फक्त पुढच्या चाकांवर चालणारीचा कंपनीचा आकडा लिटरला २१.११ किलोमीटर, ऑल व्हील ड्राइव्हचा १९.३८. इंजिन तेच, बाहेरचं अंग तेच. मधला १.७३ किलोमीटरचा फरक जवळजवळ सगळा मागे जाणाऱ्या शाफ्टचा, मागच्या डिफचा आणि त्यांच्या वजनाचा. सुमारे आठ टक्के.

वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. पहिलीला सुमारे ५६८ लिटर लागेल, दुसरीला ६१९. एक्कावन्न लिटर जास्त. आपल्याकडे पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे वर्षाला पाच हजारांहून थोडे जास्त. एवढ्या पैशांत पावसाळ्यात शेतातून गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर येत असेल तर मला तो सौदा महाग वाटत नाही. एकच खेप ट्रॅक्टर बोलवावा लागला, की त्याचे पैसे आणि गेलेली दुपार दोन्ही आठवतात.

पण बहुतेक तुलना इतक्या सरळ नसतात आणि नवखे इथेच फसतात. थारची फक्त मागच्या चाकांची आवृत्ती २०२३ च्या जानेवारीत आली. तिच्या डिझेलला १.५ लिटरचं इंजिन दिलं, फोर बाय फोर डिझेलला मात्र २.२ लिटरचंच राहिलं. या दोन डिझेल गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून "बघा, फोर बाय फोर किती खाते" असं म्हणणं चूक आहे. त्यात मोठा वाटा इंजिनाचा आहे. तुलना करायचीच तर थार रॉक्सचं २.२ डिझेल घ्या, ते दोन्ही प्रकारांत मिळतं. गिअरबॉक्सही तोच धरा. मॅन्युअल एकीकडे आणि ऑटोमॅटिक दुसरीकडे ठेवलं तर हिशेब पुन्हा बिघडला.

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो. ठरलेला वेग, ठरलेला वेळ, समोर गाय नाही, ई-रिक्षा नाही. तो एका गाडीची दुसरीशी तुलना करायला वापरा. तुमच्या खिशाचा अंदाज त्यावरून बांधू नका.

तिसरी पायरी: स्वतः मोजा, टाकी ते टाकी

स्क्रीनवर दिसणारं अॅव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं उदार असतं. त्यापेक्षा पंप एकच ठरवा, शक्यतो मशीनही एकच, कारण पंपाची जमीन कुठे उतरती असते आणि टाकी किती भरते त्यावर याचा परिणाम होतो. नोझल पहिल्यांदा आपोआप थांबलं की थांबा. "अजून पन्नासचं बसेल" म्हणणाऱ्या पोऱ्याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. ४१२ किलोमीटर आणि ३३.६ लिटर, म्हणजे १२.२६.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका. कमीत कमी तीन भरा आणि प्रत्येकीपुढे दोन शब्द लिहा: शहर, बायपास, घाट, कच्चा. माझ्या वहीत ही नोंद नसती तर भाच्याचे अकरा कुठून आले ते मलाही सांगता आलं नसतं. सिग्नल-सिग्नलच्या शहरी टाकीला अकरा वाईट नाहीत. त्याच गाडीने महेश्वरला जाऊन आल्यावर त्याच्या वहीत साडेचौदा लागले.

बायपासवर वेगाचंही तेवढंच पाहा. या गाड्या उंच आणि चौकोनी, वारा समोरून भिंतीवर आदळावा तसा आदळतो. वेग ८० चा १०० केला की वाऱ्याचा विरोध दीडपटीच्या वर जातो. टपावर रिकामा कॅरिअर असेल तर आणखी. तो काढून ठेवायला दहा मिनिटं लागतात.

चौथी पायरी: लिव्हर कधी हलवायचा आणि कधी नाही

हा भाग जरा सावकाश वाचा. इथे पेट्रोलपेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं.

पार्ट-टाइम गाडीत फोर एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात आणि मागची लहान. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायचं असतं आणि शाफ्ट त्यांना फिरू देत नाही. चिखलात, वाळूत, मुरमावर चाक थोडं घसरतं आणि हा ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटायला जागाच नसते.

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही चोरलहून परतत होतो. सकाळी शेताच्या वाटेवर फोर एच लावलं होतं. भेरूघाट पावसातच चढलो, आणि लावलेलं आहे हे माझ्या डोक्यातून गेलं. सिमरोलनंतर पाऊस थांबला, रस्ता कोरडा झाला. भाचा मागे बसला होता, तो म्हणाला, "मामा, गाडी कुणी मागे धरून ठेवल्यासारखी का चालतेय?" तेजाजी नगरला बायपासकडे वळताना स्टीअरिंग जड झालं, पुढची चाकं रस्त्यावर अडखळत, चिरकत वळली, आणि डॅशबोर्डवर इतका वेळ जळणारा फोर बाय फोरचा हिरवा दिवा मला तेव्हा दिसला. लिव्हर टू एचकडे ओढला तर तो जागचा हलेना. शाफ्टमध्ये पीळ भरून बसला होता. गाडी बाजूला घेतली, स्टीअरिंग सरळ केलं आणि दोन-तीन मीटर हळू मागे घेतली. खट् आवाज झाला आणि लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा सरकला. वीस-बावीस किलोमीटर मी टायर, पेट्रोल आणि ट्रान्स्फर केस तिन्ही झिजवत आलो होतो. तेव्हापासून डांबराला चाक लागलं की आधी दिवा बघायचा, हा नियम मी गाडीतल्या सगळ्यांना पाठ करून दिला आहे.

म्हणून: डांबर किंवा काँक्रीट कोरडं असेल तर टू एच. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, अगदी जानापावच्या डोंगरावर चढणारा रस्तासुद्धा टू एचनेच जातो. सैल मुरूम, ओलं गवत, नाल्याची वाळू आली की फोर एच. हे अडकण्याआधी लावायचं. आधी मागची चाकं गरगरवून खड्डा करायचा आणि मग फोर एच आठवायचं, यात पेट्रोलही जातं आणि गाडीही आणखी खोल रुतते.

फोर एल म्हणजे तीव्र चढ, दगडी उतार, पाण्यातली वाट, किंवा दुसऱ्याची गाडी ओढणं. त्याच वेगाला इंजिन दुप्पट-अडीचपट फिरत असतं, म्हणून किलोमीटरच्या हिशेबात फोर एलचं अॅव्हरेज काढण्यात अर्थ नाही. तिथे पेट्रोल तासांवर मोजायचं. पण नवखा माणूस पेट्रोल वाचवायला म्हणून फोर एचमध्येच अर्धा क्लच दाबून दगडावर चढू पाहतो आणि क्लच जाळतो. चढ उभा असेल तर गाडी थांबवून निमूटपणे फोर एल लावा. थोडं जास्तीचं पेट्रोल क्लचप्लेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि आपली काळी माती. माळव्यात गाडी चालवणाऱ्याने हिला वेगळं ओळखायला हवं. पहिल्या पावसानंतर ती टायरच्या खाचांत अशी भरते की पाच-दहा फेऱ्यांत टायर गुळगुळीत डांबरी गोळा होतो. मग चार चाकं ओढत असली तरी चारही जागच्या जागी फिरतात. प्रत्येक चाकाला दहा-दहा किलो चिखल चिकटलेला, खालची जमीन मऊ, इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, अशा वेळी टाकीचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. अशा शेतात पाऊस थांबल्यावर एक दिवस ऊन पडू द्या. ते जमत नसेल तर बांधाच्या कडेने, गवतावरून जा.

पाचवी पायरी: टायर, आणि ओडोमीटरचं खोटं

जाड खाचांचे टायर घातले की अॅव्हरेज पडतं, हे खरं. ते जड असतात, रस्त्यावर जास्त मुडपतात. पण पडलेलं सगळं अॅव्हरेज खरं नसतं. मूळ टायर १९५/८० आर १५ असेल तर त्याची उंची सुमारे ६९३ मिलिमीटर. समजा कुणी २३५/७५ आर १५ घातला, तर ती सुमारे ७३३. चाक जवळजवळ सहा टक्के मोठं झालं, पण मीटरला ते माहीत नाही. मीटर ४०० दाखवतो तेव्हा गाडी ४२३ चालली असते. ३५ लिटर लागलं असेल तर मीटरवरून ११.४ येतात आणि खरे १२.१ असतात. हे फक्त गणितासाठी सांगितलं. कंपनीने त्या गाडीला मंजूर केलेल्या मापांबाहेर जाऊ नका. पण टायर बदलले असतील तर फोनवरच्या जीपीएसने वीस-पंचवीस किलोमीटर मोजून मीटरशी ताडून पाहा आणि मग वहीत लिहा.

हवेबद्दल थोडक्यात: वाळूत आणि मऊ जमिनीत हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवणं योग्यच, टायर पसरतो, गाडी कमी रुतते. पण डांबराला लागण्याआधी ती परत भरायची. डिकीत बारा व्होल्टचा लहान पंप ठेवा. कमी हवेवर चाळीस किलोमीटर घरी येणं टायरच्या कडांनाही मारतं आणि पेट्रोललाही.

सहावी पायरी: काही अडकलंय का, ते हाताने पाहा

अॅव्हरेज अचानक पडलं, रस्ते तेच, टायर तेच, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी सपाट जागी हे करा. गाडी टू एचला, हॅंडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एक पुढचं चाक जॅकने उचला. गाडीखाली शिरू नका, बाजूने वाकून पाहा आणि चाक हाताने फिरवा. हब नीट सुटत असेल तर चाक हलकं फिरतं आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट निश्चल राहतो. चाकाबरोबर शाफ्टही फिरू लागला तर हब सुटलेला नाही आणि तुम्ही रोज पलासियापर्यंत पुढचा डिफ उगाच घुसळत नेत आहात. व्हॅक्यूमच्या हबमध्ये बहुतेक वेळा नळी फाटलेली किंवा चिखलाने चोंदलेली निघते. ज्या गाडीला असं तोडणारं काहीच नाही, तिचा शाफ्ट फिरणारच, ती बिघाडाची खूण नव्हे. चाकच जड फिरत असेल, ब्रेकचा खर्र खर्र आवाज येत असेल, तर ब्रेक धरून बसला आहे. चिखलातून आल्यावर हे नेहमी होतं.

नाल्यातून गाडी नेली असेल तर दोन्ही डिफ आणि ट्रान्स्फर केसचं तेल तपासून घ्या. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे, लगेच बदला. आणि चारही चाकांची कधी गरज पडत नसली तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर एच लावून सरळ चालवा, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरतं आणि ऐन वेळी लिव्हर अडत नाही.

भाच्याच्या गाडीचे हब ठीक निघाले. टायरमध्ये मात्र हवा चोवीस होती आणि टपावर हौसेने बसवलेला रिकामा कॅरिअर. हवा कंपनीने सांगितली तेवढी भरली, कॅरिअर माझ्या गच्चीवर गेला. पुढच्या तीन शहरी टाक्या त्याने वहीत लिहून आणल्या: ११.९, १२.३, १२.१. कॅरिअर अजून गच्चीवरच आहे, दिवाळीत पचमढीला जाताना नेतो म्हणाला आहे.